मुलांच्या हातात बोथट हत्यार नको

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्टीनिमित्त आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रतिकृती बनवण्याच्या छंदावर जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी आवडीने वाचला. पुठ्ठा, बाल्सा लाकूड आणि प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांतून प्रमाणबद्ध घरे, पूल आणि आगगाड्या उभ्या करण्याचा हा छंद बडोद्यातल्या मराठी घरांत रुजावा, ही लेखामागची इच्छा मला मनापासून मान्य आहे. मात्र त्याच लेखात पालकांना असा सल्ला दिला आहे की, मुलांना सुरुवातीला मुद्दाम बोथट कटर द्यावा म्हणजे बोट कापण्याची भीती राहत नाही, आणि पाते अगदीच चालेनासे झाले की ते टाकून नवे आणावे. हा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला, तरी तो उलट्या दिशेने नेणारा आहे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूमच्या, म्हणजे कारखान्यासाठी हत्यारे आणि साचे घडवणाऱ्या विभागाच्या, कामात माझी सारी नोकरी झाली आणि आता लाकडी प्रतिकृती हाच माझा दिवसभराचा उद्योग आहे, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

धारदार पात्याला जोर लावावा लागत नाही. एक मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा स्टीलच्या पट्टीला टेकवून चार-पाच हलक्या हातांत कापायचा असतो. पहिला हात फक्त रेघ पाडतो, पुढचे त्याच रेघेतून खाली उतरतात आणि शेवटच्या हाताला पुठ्ठा आपोआप सुटतो. पाते बोथट असले, की मूल काय करते? ते जोर लावते. मनगट ताठ होते, पट्टीवरचा डावा हात हलतो, पाते पट्टीच्या काठावर चढते आणि सुटते. सुटल्यावर ते जिथे जाते, तिथे बहुतेक वेळा डाव्या हाताची तर्जनी असते. टूलरूममध्ये नव्या शिकाऊ मुलाला पहिल्या आठवड्यात सांगितली जाणारी गोष्ट हीच, की हत्याराला जोर लावावासा वाटला तर थांब आणि आधी धार बघ. ज्या हत्याराची धार आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याशी हात आपोआप जपून वागतो, हा अनुभव सुतारापासून सोनारापर्यंत सर्वांचा आहे.

वयाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मी टाळत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कटर देऊच नये. त्याला कात्री, गोंद आणि पॉलिश पेपर एवढ्यावर पुष्कळ काही करता येते. परंतु ज्याच्या हाती पाते द्यायचे ठरवले आहे, त्याच्या हाती ते धारदारच द्यावे, आणि धार लावायला शिकवूनच द्यावे.

आता कामाच्या बाजूने पाहू. प्रतिकृतीत चूक मोठी होते. आपल्या रावपुऱ्याजवळच्या तांबेकर वाड्याचा दर्शनी भाग १:५० या प्रमाणात करायला घेतला, तर प्रत्यक्षात वीस सेंटिमीटर रुंद असलेला लाकडी खांब चार मिलिमीटरचा होतो आणि पाच सेंटिमीटरची चौकटीची पट्टी अवघी एक मिलिमीटरची उरते. कापताना पाव मिलिमीटर लाकूड चेचले गेले, तर मूळ वास्तूत ते साडेबारा मिलिमीटरचे खिंडार ठरते, आणि बघणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता आले नाही तरी ‘काहीतरी ओबडधोबड आहे’ हे लगेच जाणवते. बाल्सा मऊ आहे म्हणून त्याला कोणतेही पाते चालते, असा एक समज आहे. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. बाल्साच्या पेशी पोकळ आणि पातळ भिंतींच्या असतात, त्यामुळे बोथट सुरीखाली ताजा पाव दबावा तसे ते लाकूड कापले जाण्याआधी दबते, आणि शेवटच्या टोकाला, विशेषतः आडव्या कापात, तुकडा उपटून येतो. सागवान टणक असल्यामुळे त्यात काप स्वच्छ येतो, पण त्यात नैसर्गिक सिलिका असल्याने तो धार लवकर खातो. शिवण आणि हळदू ही आपल्याकडची लाकडे बारीक कामाला फार चांगली, हे जाता जाता सांगतो. गुळगुळीत छपाईच्या कार्डालाही कमी लेखू नये. त्याच्या पृष्ठभागावर चिनी माती किंवा खडूचा लेप असतो, आणि असे कार्ड दिवसभर कापणाऱ्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पाती लाकूड कापणाऱ्यांच्या पात्यांपेक्षा लवकर जातात, ती याच कारणाने.

धार गेली हे ओळखायला भिंग लागत नाही. टेबलावरच्या दिव्याखाली पाते असे धरावे, की धार थेट आपल्या डोळ्यांकडे येईल. धार म्हणजे दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना जिथे भेटतात ती रेषा. ती खरोखर रेषा असेल तर तिच्यावर प्रकाश थांबायला जागाच नसते. जिथे ती गोलावली आहे, तिथे बारीक पांढरी चमक दिसते, आणि जिथे खपली उडाली आहे, तिथे एखादा ठिपका चकाकतो. हे पाहायला मुलांना अतिशय आवडते, असा माझा शेजारपाजारच्या मुलांचा अनुभव आहे. नखावर पाते टेकवून ते घसरते की अडकते हे पाहण्याची जी पद्धत मोठी माणसे वापरतात, ती मुलांना शिकवू नये. वर्तमानपत्राचा एक कपटा हवेत धरून तो काठावरून कापला जातो का, एवढी चाचणी त्यांना पुरेशी आहे. आपल्या वर्तमानपत्राचा हा उपयोग आपण उदार मनाने मान्य कराल, अशी आशा आहे.

धार लावण्याचे सामान महाग असते, हाही गैरसमज आहे. एक सपाट जाड काचेचा तुकडा, ज्याचे काठ काचवाल्याकडून घासून घेतलेले आहेत. ४००, १००० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर, जे गाड्यांच्या रंगकामाचे सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतात. आणि जुन्या कमरपट्ट्याचा वीतभर तुकडा, खरखरीत बाजू वर ठेवून लाकडाच्या पट्टीवर चिकटवलेला. त्यावर भांडी-पितळ चमकवणाऱ्यांकडे मिळणारी हिरवी पॉलिशची वडी घासायची, की न्हाव्याच्या पट्ट्याचे काम होते. हार्डवेअरच्या दुकानातला, एका बाजूला भरड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असलेला ऑइल स्टोन घेतला तर तो आयुष्यभर पुरतो. त्यावर शिलाई मशीनचे पातळ तेल वापरावे. स्वयंपाकघरातले तेल वापरू नये, कारण ते काही दिवसांत चिकट होऊन दगडाची छिद्रे बुजवते आणि मग दगड नुसता घसरतो, खात नाही.

या छंदातले ज्याला खऱ्या अर्थाने धार लावता येते आणि लावलीच पाहिजे, असे हत्यार म्हणजे तीन ते सहा मिलिमीटर रुंदीची छोटी पटाशी, लाकूड तासायचे सपाट टोकाचे हत्यार. ती नवी आणली तरी धारदार असतेच असे नाही. कारखान्यात तिच्या पाठीवर, म्हणजे पूर्ण सपाट बाजूवर, ग्राइंडिंगच्या आडव्या रेघा राहिलेल्या असतात. म्हणून सुरुवात पाठीपासून करायची. काचेवर पाण्याचे चार थेंब टाकून त्यावर वॉटर पेपर बसवला की तो चिकटून सपाट राहतो. त्यावर पटाशीची पाठ पूर्ण टेकवून, पुढचा सेंटीमीटरभर भाग एकसारखा दिसेपर्यंत घासायचा. हे काम एकदाच करावे लागते, परंतु लोक नेमके तेच गाळतात आणि मग वर्षानुवर्षे समोरचा उतार, म्हणजे धारेकडे तिरकी होत जाणारी बाजू, घासत बसतात. पाठ खडबडीत असेल तर दोन पृष्ठभागांपैकी एक मुळातच बिघडलेला असतो आणि धार येणार कुठून?

त्यानंतर उतार. कोन मोजायला कोनमापक नको. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असेल तर कोन बरोबर ३० अंशांचा होतो, हे शाळेतल्या भूमितीने सिद्ध करता येते आणि साध्या पट्टीने मोजता येते. मऊ लाकडासाठी उतार थोडा अधिक लांब, म्हणजे सुमारे अडीचपट, ठेवला तर कोन २५ अंशांच्या खाली जातो आणि हत्यार अधिक सहज शिरते, पण टणक लाकडात ते लवकर मुडपते. उतारावर मार्कर पेनाने काळे करून दोन-तीन घासण्या माराव्यात आणि पाहावे. शाई फक्त मागच्या कडेची गेली असेल तर हात खाली झुकला आहे; फक्त टोकाची गेली असेल तर हात जास्त उचलला गेला आहे; सगळीकडून सारखी गेली तर तोच हात कायम ठेवायचा. पेपरवर पटाशी नेहमी मागे ओढावी. पुढे ढकलली तर पेपर फाटतो. अरुंद पटाशी घासताना डावी-उजवीकडे डोलते आणि धार तिरकी होते. यावर उपाय म्हणजे तिला चौकोनी लाकडाच्या ठोकळ्याला टेकवून ठोकळ्यासकट ओढणे.

किती वेळ घासायचे, याचे उत्तर घड्याळात नाही, ‘बर’ म्हणजे धारेवर उलटणाऱ्या पोलादाच्या कोरेत आहे. पोलाद घासत घासत काठापर्यंत पोहोचले की पाठीच्या बाजूला केसाएवढी बारीक कोर उलटते. अंगठ्याचे पेर पाठीवरून धारेच्या बाहेर, धारेला आडवे, अलगद न्यावे. धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवू नये. धारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती कोर बोटाला लागली, की त्या नंबरच्या पेपरचे काम संपले. ती मधेच कुठे लागत नसेल तर तेवढ्या जागी जुनी गोलाई अजून शिल्लक आहे. मग बारीक पेपर, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हलका हात, आणि शेवटी चामड्यावर उतार आणि पाठ आलटून पालटून मागे ओढत ती कोर पूर्ण पाडायची. चामड्यावर ओढून झाल्यावर हात उचलताना मनगट वळवण्याची सवय बऱ्याच जणांना असते. त्या एका वळणात टोक पुन्हा गोल होते. असे एकदा नीट झाले, की पुढे कामाच्या मधेमधे नुसत्या चामड्यावर पाच-सहा वेळा ओढणे पुरते आणि दगडाची आठवण क्वचितच येते.

आपल्याकडे सायकलवर चाक बसवून दारोदार धार लावणारे कारागीर अजून येतात. विळी, कोयता, कात्री यांसाठी त्यांच्यासारखा कारागीर नाही. परंतु प्रतिकृतीच्या बारीक पटाशा आणि चाकू त्यांच्या कोरड्या चाकावर देऊ नयेत. पात्याचे टोक इतके पातळ असते की ते क्षणात तापते, आणि पोलादाचे पाणी उतरते. साध्या कार्बन पोलादावर सुमारे २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळी झाक येते, आणि ३०० अंशांच्या आसपास निळी. निळी झाक दिसली की तेवढा भाग स्प्रिंगसारखा मऊ झाला असे समजावे. त्यावर कितीही सुंदर धार आणली तरी ती दोन कापांत बसते. घरी ग्राइंडर असेल तर पटाशी उघड्या बोटांत धरावी आणि चटका जाणवण्याआधीच पाण्यात बुडवावी. मोडक्या नीडल फाइलपासून, म्हणजे सुईसारख्या बारीक कानशीपासून, छान पटाशी बनते, तीही याच काळजीने. फाइल फार ठिसूळ असते, म्हणून दात घासून काढल्यावर ती पिवळ्या झाकेपर्यंत हलकेच तापवून घ्यावी लागते, आणि हे काम मोठ्यांनीच करावे.

प्रत्येक हत्याराला धार लावत बसावे असे मात्र मी म्हणत नाही. तसे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा हट्ट होईल. टिचकीने तुकडा मोडणारे जे कटर आपण वापरतो, त्यांचे पाते जपानात ओसाका येथे योशिओ ओकादा यांनी १९५६ मध्ये शोधले, ते मुळी धार न लावता पुढचा बोथट तुकडा मोडून टाकण्यासाठीच. त्यामुळे आपल्या लेखात म्हटल्याप्रमाणे पाते चालेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मग सगळे पातेच बदलायचे, यात त्या शोधाचा हेतूच हरवतो. पुठ्ठा ओढू लागला की लगेच एक तुकडा मोडावा, पक्कडीने आणि डोळ्यांपासून लांब धरून. शस्त्रक्रियेच्या चाकूची ११ नंबरची टोकदार पाती चामड्यावर दोन-चार वेळा ताजी करता येतात, पण त्यांचे टोक मोडले की ती संपली. बारीक दातांच्या करवतीला घरी धार लागत नाही. एक मिलिमीटरहून कमी जाडीचे ड्रिलही नवेच घ्यावेत, आणि पिन व्हाइसमध्ये, म्हणजे बारीक ड्रिल पकडणाऱ्या छोट्या मुठीत, हाताने चालवायचे असतील तर हाय स्पीड स्टीलचेच घ्यावेत. सर्किट बोर्डासाठीचे कार्बाइडचे ड्रिल हात किंचित कलला तरी तटकन मोडतात.

प्लॅस्टिकचे भाग साच्याच्या काडीवरून सोडवण्याच्या साईड कटरबद्दल एक विनंती. डभोई-मियागाम ही १८६२ मध्ये बैलांनी ओढल्या गेलेल्या गाड्यांची नॅरोगेज लाइन आपल्या बडोदे संस्थानची, त्यामुळे तिची प्रतिकृती करण्याची हौस इथे पुष्कळांना आहे. १:८७ प्रमाणात त्या ७६२ मिलिमीटरच्या रुळांमधले अंतर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर होते आणि सगळे काम नाजूक असते. पण जे साईड कटर प्लॅस्टिकसाठी आणले, त्यानेच कुणीतरी घाईत पोलादी तार कापतो आणि जबड्यांत कायमची खाच पडते. ती खाच दगडावर घासून काढता येत नाही, कारण दोन्ही जबडे एकमेकांना नेमके भेटणे हीच त्या हत्याराची धार आहे. तारेसाठी वेगळा, जाड जबड्याचा कटर ठेवावा. कानशींचेही तसेच: नवी कानस आधी पितळेवर वापरावी आणि तिची पहिली धार ओसरली की पोलादावर, कारण बोथट कानस पितळेवरून नुसती घसरते. दातांत आधी खडू घासून ठेवला तर धातूचा कीस अडकत नाही.

हे सगळे मुलांना शिकवायला फार वेळ लागतो, अशी तक्रार मी सुट्टीतल्या एका वर्गाच्या संयोजकांकडून ऐकली. त्या वर्गात दरवर्षी भरपूर मुले येतात, प्रत्येकाच्या हाती एक प्लॅस्टिकच्या मुठीचा कटर दिला जातो आणि तेच पाते शेवटच्या दिवसापर्यंत चालते. धार लावण्याबद्दल विचारले तर ‘पालक घाबरतात’ असे उत्तर मिळते. पालक घाबरणारच, कारण त्यांना कुणी हे समजावून सांगितलेले नाही. एका सकाळचे दोन तास या कामाला दिले तर उरलेल्या दिवसांत मुले जे बनवतील, ते घरी नेऊन कपाटात ठेवण्याजोगे असेल. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढून हाताच्या कामाला शिक्षणाचा दर्जा दिला, त्या शहरात हे अवघड वाटू नये. याच कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांना, ते चित्रपटाकडे वळण्याच्या पुष्कळ आधी, १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात एका आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल सुवर्णपदक मिळाले होते, हे आपल्या पुरवणीच्या वाचकांना ठाऊक असायला हरकत नाही.

आपण या विषयावर पुन्हा छापाल, तेव्हा एक गोष्ट त्यात अवश्य असावी. वापरलेली पाती आणि मोडलेले तुकडे सरळ केराच्या पिशवीत जातात आणि दारी येणाऱ्या सफाई कामगाराचा हात त्या पिशवीत जातो. घट्ट झाकणाचा एखादा पत्र्याचा डबा घेऊन झाकणाला पात्यापुरती चीर पाडावी, झाकण चिकटपट्टीने बंद करावे आणि काम करण्याच्या टेबलावरच तो ठेवावा. तो भरायला वर्षे लागतात. भरला की चीरही चिकटपट्टीने बंद करून, वर ‘आत पाती आहेत’ असे मराठीत आणि गुजरातीत लिहून, तो केरात न टाकता भंगारवाल्याच्या हातात, त्याला सांगून द्यावा.

आपला नम्र,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे